माझे कान कोणी भरले

खालानं माझा कान मला परत मिळवून दिला. हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं. कारण सांगायला लागलो की मी भरकटतो, आणि ज्या माणसाचं नाव सगळ्यात आधी घ्यायचं तेच राहून जातं. नाव म्हणजे 'खाला' एवढंच. तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते या कागदावर लिहायचं नाही असं मी ठरवलंय.

खाला म्हणजे मावशी, पण ती माझ्या नात्यातली नाही. धुळ्यात ज्या घराच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो, त्या घराची ती मालकीण. तिचे मालक गाद्या आणि रजया भरून देतात. त्यांना मी खालू म्हणतो. घर पिंजाऱ्याचं, त्यामुळे अंगणात कापसाची पिसं कायम उडत असतात. चहात पडतात, भुवयांवर बसतात, दोरीवरच्या ओल्या शर्टाला चिकटतात. मी पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा ही पिसं बघूनच मला बरं वाटलं होतं. आमच्या गावी वेचणीच्या दिवसांत घरात असंच असतं.

माझं गाव पहूरच्या बाजूला, जामनेर तालुक्यात. तिथून धुळं म्हणजे काही परदेश नाही, जळगावला गाडी बदलली की माणूस दुपारपर्यंत पोचतो, हे मला कळतं. पण आठवीत शाळा सुटलेल्या आणि जळगावच्या पुढं कधी न गेलेल्या पोराला ते लांबच वाटतं. बोलीसुद्धा बदलते. मी दुकानात नवा होतो तेव्हा एक आजीबाई आल्या आणि म्हणाल्या, "बठ्ठा दखाड रे भाऊ." मी आत जाऊन खलबत्त्यातला बत्ता घेऊन आलो. त्यांना सगळी ताटं बघायची होती. शेठ हसून हसून गल्ल्यावर डोकं टेकवून बसले. बठ्ठा म्हणजे सगळं, हे मी त्या दिवशी शिकलो. पण तेव्हा माझे कान चांगले होते, हेही लक्षात घ्या. तेव्हा ऐकू नीट आलं, कळलं चुकीचं. पुढं उलटं व्हायला लागलं.

दुकान भांड्यांचं, आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत. मी तिथं नावं टाकतो. लग्नात, वास्तुशांतीला कुणी भांडं द्यायचं म्हटलं की त्यावर देणाऱ्याचं नाव पाहिजे, नाहीतर दिलं कुणी हे कळणार कसं? छोटं मशीन असतं, हातात पेनासारखं धरायचं. त्याची सुई खरखरत धातूवर ठिपके मारते आणि ठिपक्यांचं अक्षर होतं. शाळेत माझं दुसरं काही चांगलं नव्हतं, अक्षर तेवढं चांगलं होतं. शेठनं पहिल्याच दिवशी एका वाकड्या झाकणावर माझ्याकडून 'सप्रेम भेट' लिहून घेतलं, उजेडात धरलं, आणि म्हणाले, "बस उद्यापासून." माझ्या आयुष्यात अक्षरासाठी कुणी मला बोलावून बसवलं, ते तेवढंच.

आता कानाचं.

दिवाळीला घरी गेलो होतो. परत निघायच्या आदल्या दिवशी डावा कान ठणकायला लागला. आईनं लसूण टाकून तेल कोमट केलं, घरातल्याच कापसाची सरकी बोटांनी काढली, बोळा केला, तेलात बुडवला आणि दोन्ही कानांत बसवला. उजव्यात कशाला, त्याला काही झालं नाही, असं मी म्हणालो तर म्हणाली, "एकाले घातलं अन् एकाले नाही, असं करू नही." जणू दोन पोरांना लाडू वाटत होती. सकाळी गाडीत बसवायला आली तेव्हा हवेत गारठा होता. खिडकीतून हात आत घालून तिनं दोन्ही बोळे आणखी आत दाबले. "काढू नको बरं. गार हवा लागते."

मी काढले नाहीत. ठणका जळगाव येईपर्यंत थांबला. धुळ्याला उतरलो तेव्हा उजव्या कानातला बोळा खांद्यावर पडलेला दिसला, तो मी झटकला. डाव्यातलाही पडला असेल असं धरून चाललो, आणि विसरलो.

इथं मला आबांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मी पुढं एवढा का घाबरलो ते कळायचं नाही. आबा म्हणजे माझे वडील. लहानपणी त्यांचा कान वाहायचा. घरच्यांनी कुणी सांगेल त्या पाल्याचा रस पिळला, कुणी सांगेल ते तेल ओतलं. एक कान गेला, दुसरा हळूहळू मंद झाला. ते कापसाच्या एका जिनिंगवर राखणीला होते. एकदा मागं येणाऱ्या ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले, पण मालकानं दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्यात मालकाचं काही चुकलं असंही मी म्हणत नाही. मी तेव्हा आठवीत होतो. आबा घरी बसले, मी शाळेतून उठलो. गावात त्यांना 'भैरा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, कारण ऐकू जात नाही असं त्यांना वाटतं. आबांना ओठांवरून तो एक शब्द बरोबर कळतो.

म्हणून दिवाळीनंतर महिनाभरानं डावा कान दबल्यासारखा वाटायला लागला तेव्हा मला सर्दी आठवली नाही, पाणी आठवलं नाही. आबाच आठवले.

मग मी जे करू नये ते सगळं केलं. आधी बड्स आणले. बाहेर येताना त्यांच्या टोकाला काळपट हिरवं काहीतरी लागायचं. ते बघून मी आणखी आत घालायचो. काडेपेटीची काडी घातली. मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून कानाला धरली. आईसारखं तेल करायला गेलो, ते जास्त तापलं, नशिबानं आधी बोटावर पडलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मोबाईल. 'कान बंद का होतो' असं त्यात बोलून विचारायचं आणि तो सांगणार: मळ साचल्यामुळे, पाणी गेल्यामुळे, सर्दीनं, आत किडा गेल्यामुळे, पडद्याला भोक पडल्यामुळे, नस सुकल्यामुळे, गाठ झाल्यामुळे. मळाचे रंगसुद्धा होते. पिवळा चांगला, तपकिरी जुना, काळा म्हणजे असं, हिरवा म्हणजे तसं. माझा काळा आणि हिरवा दोन्ही होता. वर तो चमकायचा! चमकणाऱ्या मळाबद्दल मोबाईलला काही माहीत नव्हतं, त्यामुळे मला झालेला रोग अजून कुणाला झालेलाच नाही असं मी समजून चाललो.

दुकानात मी कुणाला बोललो नाही. गिऱ्हाईक आलं की उजवा कान पुढं करायचो. शेठच्या ते लक्षात आलं, पण भलतंच. एकदा म्हणाले, "काय रे, हल्ली हाक मारली की बघत नाहीस. कोणी कान भरले का तुझे? पलीकडच्या दुकानात जायचं चाललंय का?"

मी म्हणालो, "नाही शेठ, कोणी नाही भरले."

आता ते आठवलं की हसू येतं.

मग सोनगीरकडचे एक नाना आले. पुतणीचं लग्न होतं. पांढरी टोपी, खिशात चष्मा, पण तो लावायचा नाही असा बाणा. पितळेचं घंगाळ, परात, हंडा, डबे, ताटं, चांगला मोठा सेट घेतला. गल्लीत वरातीचा बँड सराव करत होता आणि नाना नेमके माझ्या डाव्या बाजूला उभे. म्हणाले, "बठ्ठा भांडासवर नाव टाकनं शे. लिख, नानाकडून सप्रेम भेट."

मला 'मामाकडून' ऐकू आलं. लग्नात मोठं भांडं मामाकडून येतंच, त्यामुळे शंकाही आली नाही. मी मान खाली घातली आणि घंगाळापासून ताटापर्यंत 'मामाकडून सप्रेम भेट' असं टाकत गेलो. त्या दिवशी अक्षर इतकं सुंदर आलं होतं की नानांनी चष्मा न लावताच "वा" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी नाना टेम्पोसकट हजर. या वेळी चष्मा नाकावर होता.

"काय शे हाई?" परात त्यांनी शेठच्या पुढं आपटली. "भांडा मना, आनि नाव त्या मामानं? तो मामा रुसीसन बठेल शे, लगीनले येवाव नही म्हने, आनि मी त्यानं नाव मिरवू?"

शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी भांड्याकडं पाहिलं. या कामात एक गंमत आहे, तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. 'न' चा 'म' करता येतो, एक उभी रेघ वाढवली की झालं. 'म' चा 'न' करता येत नाही. धातूवर मारलेला ठिपका परत घेता येत नाही.

शेठ अनुभवी माणूस. त्यांनी परात फिरवून पाहिली, नानांना चहा सांगितला, आणि म्हणाले, "नाना, 'मामा'च्या आधी जागा आहे. 'नाना-मामाकडून' करू. तुमचं नाव पहिलं, त्याचं मागं. त्यानं एक चमचा दिला नाही, तरी तुम्ही त्याला नावात घेतलं. लोक कुणाला मोठं म्हणतील?"

नाना परात माझ्याकडं सरकवत म्हणाले, "मनं नाव मोठं काढ. जाड."

मी काढलं. मोठं, जाड.

नाना गेल्यावर शेठ माझ्या समोर आले, डावीकडं न येता बरोबर समोर, आणि सावकाश म्हणाले, "तुला ऐकू येत नाहीये. मी रागावलो नाही. पण कान नीट होईपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. भांडी पुस, गिऱ्हाईकाला पाणी दे. कान नीट नाही झाला, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तूच सांग, मी काय करू?"

तेही चुकीचं बोलले नाहीत. जिनिंगचा मालकही असाच बोलला असेल.

त्या संध्याकाळी खोलीवर आलो तर अंगणात खालूंचं पिंजायचं मशीन चालू होतं. खाला ओट्यावर चहा गाळत होती. ती म्हणते, तिनं मला चार हाका मारल्या. मला एकही आली नाही. शेवटी ती उठली, माझी हनुवटी धरली, मान वळवली, आणि मोबाईलची बत्ती कानात मारून आत बघितलं. मग ओरडून म्हणाली, "अरे, तेरा कान तो भरा है!"

मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं, "बहरा है."

"पूरा भरा है. तेरे खालू का भी ऐसाच हुआ था," ती म्हणाली. खालू तिकडून मान डोलावत होते. खालू मशीनमुळे कायम मोठ्यानं बोलतात. म्हणजे तेही बहिरे! मला सगळं पटलं. तिनं पुढं आणखी काहीतरी सांगितलं, सकाळी, चल, असे दोन शब्द ओठांवर दिसले. मी मान हलवली आणि खोलीत गेलो. चहा तसाच राहिला.

आई एवढ्या विश्वासानं मला शहरात पाठवते, आणि मी आबांचा कान घेऊन परत जाणार. बॅग भरताना हेच डोक्यात होतं. शेठनं काढून टाकण्याआधी आपणच गेलेलं बरं. सकाळी खालूंच्या हातात किल्ली दिली, "घरी जातो" म्हणालो आणि बस स्टँडला आलो. जळगावची गाडी लागायची होती. बाकावर बसलो, बॅग मांडीवर, आणि घरी काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होतो.

कुणीतरी माझा उजवा कान धरून पिळला.

खाला. बुरखा घाईत घातलेला, पायात खालूंच्या चपला, मागं तिची रिक्षा अजून सुरूच. तिनं म्हणे लांबून हाका मारल्या होत्या, पण मी डावी बाजू करून बसलेलो.

"कहाँ चला? मैं वहाँ तयार होके बैठी, और तू इधर?"

मी म्हणालो, "खाला, तूच म्हणालीस ना, बहरा झालो म्हणून. घरी जातो."

तिनं डोक्याला हात मारला. "या अल्लाह! बहरा नहीं रे! भरा! भ-रा!" तरी मी तसाच बघतोय म्हटल्यावर तिनं मराठी काढली, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशी. "भरलाय! भरलाय तुझा कान! गादी भरतात तसा! कळलं का गादीच्या?"

बाकावरचा एक म्हातारा हसायला लागला. कंट्रोलरनं मान बाहेर काढली. मी मात्र रडलो. एवढ्या लोकांत रडायची लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही.

"खालू के कान में भी रुई भर गयी थी," ती आता हळू, उजव्या कानापाशी बोलत होती. "डॉक्टर ने निकाली. अब सब सुनते हैं. मैं जो नहीं बोली वो भी सुनते हैं. चल, बैठ रिक्षा में."

बॅगेसकट तिनं मला देवपूरच्या बाजूला एका कान-नाक-घशाच्या दवाखान्यात नेलं. बाहेर बसलेल्या मुलीनं विचारलं, "पेशंटच्या कोण?" खालानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "माँ." त्या मुलीनं एकदा माझ्या कपाळावरचं गंध पाहिलं, एकदा बुरखा पाहिला, आणि काही न विचारता नंबर दिला.

डॉक्टर मॅडम शांत होत्या. दोन्ही कान बघितले. म्हणाल्या, "उजवा स्वच्छ आहे. डाव्यात मळ दगडासारखा बसलाय, आणि त्याच्या आत अजून काहीतरी आहे. बड्स घालत होतास?" मी मान खाली घातली. "बड्स मळ काढत नाहीत, आत कुटतात. आज मी ओढलं तर दुखेल. थेंब देते, मऊ होऊ दे. मळ फुगेल, मधले काही दिवस अजून कमी ऐकू येईल. घाबरायचं नाही."

मी विचारलं, "मॅडम, माझ्या वडलांना ऐकू येत नाही. ते माझ्यात आलं का?"

"ते थेंबांनंतर सांगते," त्या म्हणाल्या. "आत्ता मला पडदाच दिसत नाहीये."

म्हणजे भीती तशीच राहिली. फक्त तिला आता तारीख मिळाली.

थेंब खाला टाकायची. स्वतःचं स्वतः टाकतो म्हटलं तर म्हणायची, "तू टाकशील आणि शर्टाला पाजशील." मला उजव्या कुशीवर तिच्या मांडीवर डोकं ठेवायला लावायची. उजवा कान मांडीत दबलेला, डावा भरलेला. मग काहीच ऐकू यायचं नाही. खालूंचं मशीन चालू असायचं, त्याची थरथर मला ओट्यातून अंगाला कळायची, पण आवाज नाही. वर खालाचं तोंड हलताना दिसायचं. ती बहुतेक मला रागवत असायची, किंवा खालूंना, किंवा दुवा करत असायची. चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करायचो.

आबा रोज असंच बघतात, हे मला तिथं मांडीवर पडून कळलं. जेवताना आम्ही भावंडं हसलो की आबा आमच्याकडं बघून थोडं उशिरा हसतात. मला लहानपणी वाटायचं, त्यांना विनोद उशिरा कळतात.

ठरल्या दिवशी परत गेलो. खाला बरोबर होतीच. मॅडमनी डोक्याला दिवा लावला, बारीक नळी आत घातली. कानात वादळ सुटावं तसा आवाज झाला. मी खुर्चीचा दांडा धरला, दुसऱ्या हातात खालाचा हात होता, तो मी इतका आवळला की तिच्या दोन बांगड्या पिचल्या. मग बारीक चिमटा. मॅडम म्हणाल्या, "हलू नको," आणि काहीतरी आतून सुटलं.

पहिल्यांदा डाव्या कानात पंख्याचा आवाज आला. दोन्ही वेळा मी तिथं बसलो होतो, पण वर पंखा आहे हे मला माहीतच नव्हतं. मग पलीकडच्या खोलीत कुणीतरी शिंकलं. ती शिंक मी जन्मभर विसरणार नाही.

मॅडमनी तो गोळा पांढऱ्या कापडावर ठेवला. वाटाण्याएवढा. बाहेरून काळा-हिरवा, आणि दिव्याखाली चमचम करत होता. "हे काय आहे?" त्या म्हणाल्या. "सोनाराकडं काम करतोस का?"

"भांड्यांवर नावं टाकतो."

"मग पितळेची भुकटी उडत असेल. बोटांना लागते, बोटं कानात जातात. बडनं तीच आत गेली. हिरवा रंग त्याचाच असणार." म्हणजे जो रोग जगात कुणाला झाला नव्हता, तो माझ्या कामाचा धुरळा होता. मग त्यांनी चिमट्यानं गोळा उकलला. आत पिवळट तेलकट थर. आणि त्याच्याही आत, मधोमध, कापूस. अजून पांढरा.

खाला वाकली. "ये मशीन का नहीं," ती म्हणाली. "हाथ से सरकी निकाली है किसी ने."

कुणी काढली, हे ओळखायला मला वेळ लागला नाही. बसच्या खिडकीतून आत आलेला हात मला दिसत होता.

मॅडमनी परत आत बघितलं आणि म्हणाल्या, "पडदा छान आहे. तुझ्यात काही आलेलं नाही." हे त्या सहज म्हणाल्या, हात धुता धुता. मग बरंच काही समजावलं. कानातला मळ घाण नसते, तो कानाची राखण करतो, आणि आपण मधे पडलो नाही तर सहसा आपोआप बाहेर येतो. मऊ पिवळा असो, सुका असो, जुना होऊन तपकिरी झालेला असो, नुसत्या रंगाला घाबरायचं नाही. पण रक्त आलं, पू आला, वास आला, ठणका राहिला किंवा एकदम ऐकू येईनासं झालं, तर मोबाईलला विचारत बसायचं नाही, डॉक्टरकडं यायचं. तेल, काडी, हेअरपिन काही नाही. आणि कानात कापूस घातला तर तो आठवणीनं काढायचा. शेवटचं वाक्य त्या हसू दाबून बोलल्या. आबांबद्दल म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये. लहानपणी वाहिलेला कान, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. पण बघितल्याशिवाय कसं सांगू? कानाला मशीन लावूनही फरक पडतो."

बाहेर येऊन मी आईला फोन लावला, मुद्दाम डाव्या कानाला.

"आई, दिवाळीला तू कानात कापूस घातला होता, आठवते?"

"हो. मंग?"

"तो आज निघाला."

आई म्हणाली, "काढला नव्हता का तू?"

"तूच म्हनली होती, काढू नको."

"अरे, मंग काय लगन होईस्तोवर ठेव म्हनली होती का मी?" आणि मग तिचा आवाज बदलला. "माह्यामुळं झालं का रे हे?"

"नाही गं. म्याच काडी घालून आत ढकलला." मी हे पटकन म्हणालो, कारण तिचं रडू मला आता अगदी जवळून ऐकू येत होतं.

दवाखान्यात कुणी नेलं असं तिनं विचारलं. मी फोन खालाकडं दिला. एक जामनेरकडचं बोलत होती, एक धुळ्याचं हिंदी. एकीला दुसरीचं किती कळलं देव जाणे, पण दोघी एकदमच बोलत होत्या. शेवटी खाला म्हणाली, "हां हां, कापूस मैं नहीं घालूंगी, फिकर मत करो," आणि फोन मला दिला.

शेठनं मला मशीनवर परत बसवलं. आधी परीक्षा घेतली. पाठमोरा उभा केला आणि लांबून पुटपुटले, "नाना." मी म्हणालो, "नाना." पुटपुटले, "मामा." मी म्हणालो, "मामा." "बस," ते म्हणाले. काही दिवसांनी सोनगीरचे नाना वेगळं काहीतरी घ्यायला आले. रुसलेला मामा लग्नाला आला होता. भांड्यावर आपलं नाव आहे असं कुणीतरी कळवलं, म्हणून आला. "आनि येईसन सांगे काय बठ्ठास्ले," नाना म्हणाले, "का मी दिन्हं घंगाळ!" नाना चिडलेले होते, पण खूश दिसत होते. मी ते सगळं पहिल्याच वेळी ऐकलं.

आबा अजून यायला तयार नाहीत. "आता काय ऐकायचं राह्यलं?" म्हणतात. मी या दिवाळीला त्यांना घेऊनच येणार आहे. खालानं आधीच सांगून ठेवलंय, "आबा को मैं ले जाऊंगी. मेरे सामने नहीं बोल के दिखाएं."

आता ते नावाचं. खालाच्या घरात भांडी पुष्कळ आहेत. मांडणी घासायला मदत करताना माझं लक्ष आपसूक नावांकडं जातं. कुठं तिच्या सासऱ्यांचं, कुठं खालूंचं, कुठं मामूंकडून, कुठं फूफा म्हणजे आत्याच्या मालकांकडून. तिचं नाव एकाही भांड्यावर नाही. मी एकदा विचारलं तर हसली. "मेरा नाम कौन डालता रे? औरत का नाम बर्तन पे नहीं रहता." आमच्याही घरी आईचं नाही. मी एवढी नावं टाकतो आणि हे कधी लक्षात आलं नव्हतं.

मी म्हणालो, मी टाकतो, आत्ता मशीन आणतो. तर तिनं तांब्या ओढून घेतला. "मुझे मराठी कहाँ पढ़ना आता है? तू लिखेगा और मैं पूछती फिरूंगी, क्या लिखा." ती उर्दू शाळेत थोडी शिकलेली, तेवढंच वाचते.

म्हणून मी तिची अक्षरं शिकतोय. उजवीकडून डावीकडं जाताना हात अडखळतो. ठिपका वर का खाली, एक का दोन, यात सगळं नाव बदलतं, आणि धातूवरचा ठिपका परत घेता येत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. दुकानातल्या वाकड्या झाकणांवर सुट्या अक्षरांचा सराव करतो, काही झाकणं खोलीवरही आणतो. ती अंगणात असली की झाकण पालथं घालतो. शेठ विचारतात, हे काय चाललंय, मी म्हणतो, नवीन डिझाईन.

खाला, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर ऐक. एक दिवस मी तांब्याची मोठी देग आणणार आहे, ईदच्या बिर्याणीला पुरेल एवढी. तिच्यावर कुणाकडूनचं, कुणाच्या बायकोचं, कुणाच्या आईचं असं काही नसेल. तुझं एकटीचं नाव असेल, तुला वाचता येईल असं, मोठं आणि जाड. तोवर ते मी दुसरीकडं कुठंच लिहिणार नाही.